इंग्लंडच्या रानातील व्हायोलेटच्या जाती कशा ओळखाव्यात?

डोंगरवाट (सरे, इंग्लंड):
नमस्कार. लंडनच्या दक्षिणेस नॉर्थ डाउन्स या खडूच्या टेकड्यांवर मार्च महिन्यात पायवाटांच्या कडेने, उघड्या गवताळ उतारांवर आणि झाडीतही व्हायोलेटची फुले दिसू लागतात. काहींना गोड वास येतो, काहींना मुळीच येत नाही, तर काही ठिकाणी जांभळ्या फुलांना लागूनच पांढरी फुलेही असतात. रंगावरून जाती वेगळ्या मानाव्यात का? फूल न तोडता नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानगळ:
रंगावर विसंबू नये, कारण वासाची व्हायोला ओडोराटा ही एकच जात गडद जांभळी आणि पांढरी अशी दोन्ही रंगांत फुलते. आधी फुलामागची हिरवी निदले पाहावीत. ती टोकाशी बोथट असतील आणि फुलांचे देठ थेट जमिनीलगतच्या झुबक्यातून निघाले असतील, तर ती जात ओडोराटा किंवा हिर्टा असते. ओडोराटाला जमिनीवरून सरपटत जाऊन मुळे धरणारी धावती खोडे असतात आणि तिच्या पानाच्या देठावरची लव आखूड व खाली वळलेली असते. हिर्टाला धावती खोडे नसतात, लव लांब व देठापासून उभी राहिलेली असते, पाने लांबट असतात आणि फुलांना वास नसतो. उघड्या उतारांवर बहुधा हीच असेल. वासाची परीक्षा मात्र सावकाश करावी, कारण आयोनोन या गंधद्रव्यामुळे नाक काही क्षण बधिर होते आणि लगेच दुसरे फूल हुंगल्यास त्याला वासच नाही असे वाटते.

निदले टोकदार असतील, तर फूल बोटाने हलकेच वळवून खालच्या पाकळीची मागे गेलेली पोकळ शेपटी पाहावी. अशा टोकदार निदलांच्या दोन जातींपैकी व्हायोला रिव्हिनियानाची शेपटी जाड, पाकळ्यांहून फिकट आणि टोकाशी खाच असलेली असते. व्हायोला रायखेनबाखियानाची सडपातळ, बिनखाचेची आणि पाकळ्यांहून गडद असते.

डोंगरवाट:
मनःपूर्वक आभार. झाडीतल्या फुलांची शेपटी फिकट व खाचेची आहे, शिवाय निदलांच्या बुडाशी मागे वळलेल्या ठळक पाळ्याही दिसतात.

रानहळद:
मग ती रिव्हिनियानाच असावी, कारण रायखेनबाखियानात या पाळ्या अगदी लहान असतात. तरीही दोन्ही जाती शेजारी वाढत असतील, तर त्यांचा संकर होतो हे ध्यानात ठेवावे. अशा झाडाची लक्षणे दोन्हींच्या मधली असतात आणि त्याला बी बहुधा नीट धरत नाही. तेथे ओढूनताणून एखादे नाव देण्यापेक्षा नोंदीत ‘संकर असावा’ इतकेच लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते. उन्हाळ्यात ही झाडे न उमलणाऱ्या, मिटलेल्या कळ्यांतूनच बी तयार करतात आणि पानेही पुष्कळ मोठी होतात, म्हणून ओळख वसंतातच पक्की करून घ्यावी. एक कळकळीची विनंती: अभ्यासासाठीसुद्धा रोप उपटू नये. जमीनमालकाच्या परवानगीवाचून रानातले रोप मुळासकट उपटणे 1981 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि फ्रिटिलरी गटातल्या अनेक फुलपाखरांच्या अळ्या तर याच पानांवर जगतात. भिंग घेऊन गुडघ्यावर बसावे आणि छायाचित्र फुलाच्या मागच्या बाजूनेही घ्यावे. नुसत्या समोरून घेतलेल्या छायाचित्रावरून जात सांगणे अवघड जाते.