महापौरासाठी आपल्याला बटण काहून नाही?

सक्करदरावाला: माझा मामा कामठीत नगराध्यक्षासाठी वेगळं बटण दाबतो. मी नागपुरात २०१७ ला चार नगरसेवकांची चार बटणं दाबली, महापौराचं एकही नाही. शहर मोठं अन् हक्क लहान, असं काहून?

बर्डीकर: कारण महापौर नगरसेवकच निवडतात. २०१७ ला ते १५१ होते. मुदत अडीच वर्षं, त्यातही आरक्षणाची सोडत. पण भाऊ, तू चुकीच्या खुर्चीकडे पाहून राहिला. महापौर सभा चालवतो; कारभार आयुक्ताच्या हातात, अन् त्याला राज्य सरकार पाठवतं. त्याला तर कोणीच मत देत नाही!

संत्रावाली (काटोल): थेट निवडीचंही फार कौतुक नको. सरपंच २०१७ ला थेट झाला, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. आमच्याकडे सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचं. नालीचा ठराव तीन मीटिंगा लटकला. लोकांनी दोघांनाही निवडलं होतं ना, मग माघार कोण घेणार?

सक्करदरावाला: म्हणजे माझी नाली तुंबली तर आयुक्त, मामाची तुंबली तर नगराध्यक्ष?

बर्डीकर: नाही बे, तिथं मुख्याधिकारी असतो. तोही सरकारचाच.