मदत हवी आहे: नवी डिस्क लावली तरी एमपीटी३सासचे (डिस्क-कार्डाच्या ड्रायव्हरचे) तेच एरर

अंधारखोली

नमस्कार मंडळी. सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो-व्हिडिओ ठेवायला घरच्या घरी जोडलेला एक सर्व्हर वापरतो. ४ टीबीच्या ८ डिस्क, एमडीची (लिनक्समधली सॉफ्टवेअर रेड) रेड ६, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो आणि वापरायला २४ टीबी. डेबियन १२ लिनक्स. डिस्क जोडायचं कार्ड सेकंड हँड घेतलेलं ९२११-८आय, आयटी मोडमध्ये (कार्ड स्वतः रेड करत नाही, डिस्क जशाच्या तशा दाखवतं). त्यातून दोन जाड केबल निघतात आणि प्रत्येकीला चार-चार साटाची तोंडं.

दोन वर्षं कुरकुर नव्हती. मागच्या महिन्यात केस बदलली, त्यानंतर पंधरा दिवसांनी हे सुरू झालं. सर्व्हरला रोमन कीबोर्ड आणि मी मोबाईलवर, त्यामुळे लॉग वाचून देवनागरीत उतरवतोय, सांभाळून घ्या:

एसडी ०:०:३:० : अटेम्प्टिंग टास्क अबॉर्ट!
एमपीटी२सास_सीएम० : लॉग_इन्फो (हेक्स ३१०८००००), ओरिजिनेटर पीएल, कोड ०८, सबकोड ००००
एसडी ०:०:३:० : पॉवर-ऑन ऑर डिव्हाइस रीसेट ऑकर्ड

०८ वाली ओळ एकदम दहा-बारा वेळा येते. अ‍ॅरेने (आठ डिस्कच्या गटाने) ती डिस्क बाहेर काढली. मीही डिस्क गेली असं समजून नवी आणली, त्याच जागी लावली, रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) सुरू केलं. ३८ टक्क्यांवर नव्या डिस्कवरही तेच एरर! आता दोन प्रश्न. एक, कार्ड गेलंय का? दोन, माझा ड्रायव्हर एमपीटी३सास आहे, मग लॉगमध्ये एमपीटी२सास का दिसतं? चुकीचा ड्रायव्हर तर लागला नाही ना? दोन लग्नांचं एडिटिंग अर्धवट पडलंय, लवकर कळवा.

भंगारबाजार

अशी जुनी कार्डं म्हणजे लॉटरी. कार्डाचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) पी२० असेल तर पी१९ वर उतरा, माझा त्रास त्याने गेला होता. नाहीतर कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना टाकून बघा.

रात्रपाळी

भंगारबाजार भाऊ, अर्धवट रीबिल्ड चालू असलेल्या माणसाला कार्ड फ्लॅश करायला सांगू नका हो. पी२० चं पहिलं रूप वाईट होतं हे खरं, पण २०.००.०७.०० मध्ये ते निस्तरलंय. अंधारखोली, बूट होताना कार्डाच्या नावाची एक ओळ येते, तिच्यात एफडब्ल्यूव्हर्जन काय आहे ते बघून सांगा.

त्याआधी मशीन नीट शटडाऊन करा. एमडी रीबिल्ड जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करतो, ३८ टक्के वाया जाणार नाहीत. रेड ६ मध्ये अजून एक डिस्क जायची सवलत तुमच्याकडे आहे, ती उगाच खर्चू नका. ज्या फाइल कुठेच दुसरीकडे नाहीत, त्या आधी बाहेर काढा.

ड्रायव्हर बरोबरच आहे. पूर्वी ६ गिगाबिटच्या कार्डांना एमपीटी२सास आणि १२ गिगाबिटच्यांना एमपीटी३सास असे दोन वेगळे होते. कर्नल ४.४ मध्ये, २०१६ च्या सुरुवातीला, दोन्ही एकत्र झाले. मॉड्यूल एकच उरलं, पण तुमच्या सास२००८ चिपसारख्या जुन्या पिढीच्या कार्डाशी बोलताना ते लॉगमध्ये जुनंच नाव छापतं. सासरी येऊनही माहेरचं आडनाव लावल्यासारखं.

आता त्या आकड्याकडे या. ३१०८०००० फोडून वाचायचा. पहिला ३ म्हणजे सास, डिस्क जोडायची पद्धत. दुसरा १ म्हणजे तक्रार पीएलची, कार्डातल्या प्रोटोकॉल लेयरची. तिथे ० असतं तर आयओपी, २ असतं तर आयआर, म्हणजे कार्डाचे दुसरे भाग. मग ०८ हा कोड, उरलेला सबकोड. या ०८ चा अर्थ 'एका कमांडला एरर आला म्हणून रांगेतल्या सगळ्या एनसीक्यू कमांड फेल'. साटा डिस्क एका वेळी ३२ पर्यंत कमांड घेऊन बसते, त्यातली एक बिघडली की बाकीच्यांनाही परत पाठवते. म्हणून ती ओळ दहा-बारा वेळा येते. बारा बिघाड नाहीत, बिघाड एकच. बाकी अकरा नुसते त्याच्या मागे उभे होते. मूळ कारण त्या ओळीत मिळणारच नाही. तिच्या जरा वर बघा, 'अबॉर्टेड कमांड' आणि 'आययूसीआरसी एरर' (डेटा वाटेत बिघडल्याची खूण) असं काही आहे का?

आणि दोन्ही डिस्कचं स्मार्टसीटीएल (डिस्कच्या तब्येतीचे आकडे दाखवणारी कमांड) टाका. ५, १२, १९७ आणि १९९ एवढ्या चार नंबरांचे आकडे पुरेत.

अंधारखोली

शटडाऊन केलं. जुनी डिस्क दुसऱ्या पीसीला लावून वाचली, नवीचे आकडे बंद करण्याआधी घेतले होते.

जुनी: ५ शून्य, १९७ शून्य, १९९ वर १,३१२.
नवी: ५ शून्य, १९७ शून्य, १९९ वर ४१. दोन दिवसांची आहे हो ती!
१२ नंबर नवीचा ३, आणि मीही मशीन तीनदाच चालू केलंय.

फर्मवेअर २०.००.०७.००. आणि हो, 'आययूसीआरसी एरर डिटेक्टेड' अशी ओळ आहे, मी ती बघितलीच नव्हती. मोठ्या आकड्याच्या ओळीच मोजत बसलो.

जुनाजाणता

मग डिस्क बिचारी निर्दोष आहे. ५ आणि १९७ हे तबकडीचं दुखणं सांगतात, १९९ वाटेतलं. डिस्क आणि कार्ड यांच्यामध्ये डेटा तुटका-फाटका पोचला की तो वाढतो. एकदा चढलेला १९९ उतरत नाही, त्यामुळे १,३१२ बघून घाबरू नका, फक्त वाढतोय का तेवढं बघा.

रात्रपाळीने १२ का मागितला तेही सांगतो, कारण बरेच जण तो बघत नाहीत. मशीन चालू असताना १२ आपोआप वाढला तर डिस्कची वीज मध्येच जातेय, म्हणजे पॉवरचा स्प्लिटर किंवा एसएमपीएस. तुमचा वाढलेला नाही. संशय डेटा केबलवर, नाहीतर कार्डाच्या पोर्टवर.

रात्रपाळी

बरोबर. आता दोघांतला कोण ते शोधा. मशीन बंद ठेवून हलवाहलव करायची. एमडी डिस्कवरच्या खुणेने अ‍ॅरे ओळखतो, जागा बदलल्या तरी त्याला फरक पडत नाही.

एक सावधगिरी. ०:०:३:० मधला ३ बघून केबलचं तिसरं किंवा चौथं तोंड धरू नका. तो आकडा कार्डाला डिस्क ज्या क्रमाने सापडल्या त्याचा आहे. त्याच लॉगमध्ये डिस्क सापडतानाच्या ओळीत फाय म्हणून आकडा असतो, लेन ती, म्हणजे कार्डापासून डिस्कपर्यंतची वाट. केबलवरचे पी१ ते पी४ सुद्धा त्याच्याशी जुळतीलच असं नाही. डिस्कचा सीरियल नंबर वाचून, हाताने माग काढत केबलचं तोंड शोधा.

आधी त्याच केबलची दोन तोंडं आपसात बदला. एरर शेजारच्या डिस्कवर गेला तर डिस्क सुटली. मग दोन्ही जाड केबल कार्डावर अदलाबदल करा. एरर केबलबरोबर गेला तर केबल, पोर्टपाशीच राहिला तर कार्ड. प्रत्येक वेळी एकच बदल. घाईत तीन गोष्टी हलवल्या तर कशाने बरं झालं ते कळणार नाही. चाचणीला वाचनच करा, डीडी कमांडने डिस्क नुसती वाचत राहायची. सिस्टममध्ये सास_फाय नावाच्या फोल्डरात प्रत्येक लेनचा इनव्हॅलिड डीवर्डचा (वाटेत बिघडलेल्या तुकड्यांचा) आकडा मिळतो, तो आधी आणि नंतर टिपून ठेवा.

भंगारबाजार

माझं म्हणणं मागे घेतो. पण एक विचारतो, त्या कार्डाच्या हीटसिंकवर फॅन आहे का? ही कार्डं सर्व्हरच्या केसमधल्या जोराच्या वाऱ्यासाठी बनवलेली, घरच्या केसमध्ये भाजून निघतात.

अंधारखोली

फॅन नव्हता, बोट लावून बघितलं आणि लगेच काढलं. ४० मिलिमीटरचा फॅन झिप टायने बांधला. पण त्याने एरर थांबले नाहीत, तेव्हा तो मुद्दा वेगळा.

आता चाचणी. तोंडं बदलली: एरर शेजारच्या जुन्या डिस्कवर गेला, तिचा १९९ आजवर ० होता तो तासाभरात ६ झाला. केबलची अदलाबदल केली: एरर केबलबरोबर दुसऱ्या पोर्टवर गेला. म्हणजे कार्ड ठणठणीत.

मग केबल बाहेर काढून बघितली. नव्या केसमध्ये वायरिंग छान दिसावं म्हणून मीच ती मदरबोर्डच्या मागून घेऊन, काटकोनात दुमडून, वर झिप टाय कचकन आवळला होता. दुमडलेल्या जागी चपटी पट्टी चिमटल्यासारखी झालीय. बायको म्हणाली, कपाट असं कधी लावत नाहीस.

नवी केबल साडेआठशेला आली. या वेळी मोठा वळसा देऊन सैल सोडलीय, दिसायला भिकार. रीबिल्ड काल रात्री पूर्ण झालं, त्यानंतर अख्खा अ‍ॅरे एकदा तपासायला लावला. १९९ कुठेच हलला नाही, नवीवर ४१ म्हणजे ४१.

जुनाजाणता

झकास. जाता जाता डिस्कचा एरर रिकव्हरीचा वेळ बघून घ्या. कर्नल एका कमांडची ३० सेकंद वाट बघतो, आणि साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरपाशी त्याहून जास्त वेळ झटत बसतात. मग हाच टास्क अबॉर्टचा खेळ होतो आणि पुन्हा केबलवर आळ. स्मार्टसीटीएलने एससीटी ईआरसी (हाच वेळ) ७० वर ठेवा, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेली की ते विसरतात, तेव्हा बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्कला ते जमतच नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० करा.

अंधारखोली

सहा डिस्कना जमलं, दोघींना नाही. त्या दोघींचा टाइमआउट वाढवला.

आता शेवटचं. 'गेलेली' म्हणून ती जुनी डिस्क मी भाच्याला सीसीटीव्हीच्या डब्यात घालायला दिली होती. काल परत मागितली तर तोंड वाकडं करून दिली. १,३१२ चा डाग असलेली डिस्क स्पेअर म्हणून ठेवायला हरकत नाही ना?

रात्रपाळी

लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी) लावा, ४ टीबीला आठ-दहा तास लागतील. त्यानंतरही ५ आणि १९७ शून्य असले तर बिनधास्त ठेवा. डब्यावर १,३१२ आणि तारीख लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीच पुन्हा धागा काढाल. आणि भाच्याला दुसरी घेऊन द्या.