मुखवटा, टोप, हेल्मेट... आत पंखा बसवलाय का कुणी? अनुभव सांगा

साळुंकी
लेक नववीत आहे. डिसेंबरात मुंबईच्या कॉमिक कॉनला (आवडत्या पात्रांची सोंगं घेऊन जायचा मेळावा) जायचंय म्हणून दिवाळीपासून आमचा हॉल म्हणजे कारखाना झालाय. फोमच्या शीटा, हीट गन, फेव्हिबाँडचा वास. अंतराळवीराचं हेल्मेट छानच झालंय, पुढे वाकवलेली पारदर्शक शीट वगैरे. परवा घालून जिना उतरला तर खाली पोचेपर्यंत काच आतून पांढरीफटक. भिंतीला हात लावून "आई, दिसत नाहीये" म्हणून ओरडतोय.

मला एकदम मामा आठवले. कुडाळजवळ आजोळ. मामा दशावतारात गणपतीचं सोंग घ्यायचे, सोंडेचा लाकडी मुखवटा लावून. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती काही फार वेळ नसतो, पण आत आले की कपाळावर मुखवट्याच्या कडेचा लाल वळ आणि भुवयांतून घाम टपटपतोय. मामी आधी पंचा द्यायची, मग चहा. पंखा मागायची कुणाची हिंमत नव्हती!

तर आता लेकाला आत पंखा हवाय. कुणी केलंय का असलं काही?

उंबरठा
पंखा?? आमच्या वेळी शाळेत शिवाजी महाराज करताना पुठ्ठ्याचा जिरेटोप घालायचे आणि घामाने दाढीचा डिंक सुटायचा. अर्धी दाढी हातात धरून भाषण केलेला मुलगा आमच्या वर्गात होता. आता तो वकील आहे.

डागदार
ताई, केलंय. पुतण्यासाठी. घाईत लिहिलंय, गोड मानून घ्या.

५ व्होल्टचे ४० बाय ४० बाय १० मिलिमीटरचे पंखे घ्या, दोन. जुनी यूएसबी केबल कापा. लाल आणि काळी वायर तेवढी घ्यायची, हिरवी-पांढरी गुंडाळून ठेवायची. लाल लालला, काळी काळीला, डाग द्या (सोल्डर करा), वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी). उलटं जोडलं तर पंखा उलटा फिरत नाही, फिरतच नाही.

मुख्य मुद्दा: पंखा तोंडावर मारू नका. बरेच जण तेच करतात. आतलीच गरम दमट हवा आत फिरते, बरं वाटतं, पण काच धुरकटच राहते. एक पंखा हनुवटीपाशी, बाहेरची हवा आत ओढणारा, झोत काचेच्या आतल्या बाजूवर. दुसरा मागे वर, टाळूच्या बाजूला, आतली हवा बाहेर फेकणारा. हवा कुठून निघते ते कळत नसेल तर ज्या बाजूला स्टिकर आहे त्या बाजूने निघते. काही पंख्यांच्या कडेला बाणही असतो.

साळुंकी
देवासारखे धावून आलात. पॉवर बँक हेल्मेटातच बसवू म्हणतोय तो.

डागदार
नको. मानेवर वजन येतं, आणि लिथियमची बॅटरी डोक्याला चिकटून कशाला? खिशात किंवा कमरेला ठेवा, वायर मानेमागून खाली. १०,००० एमएएचची बँक असेल तर दोन पंखे दिवसभर आरामात चालतात. अडचण वेगळीच येते. पंखे इतकी कमी वीज खातात की काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या आपोआप बंद होतात. घरी आधी अर्धा तास चालवून बघा. बंद पडत असेल तर सोबत एलईडीची पट्टी जोडा, नाहीतर कमी करंटवर चालू राहणारी बँक घ्या.

गोधडी
केस!!! पंख्याला जाळी लावा. माझ्या बहिणीच्या वेणीचं टोक अडकलं होतं, कात्री मागवावी लागली. पंखा लहान म्हणून हसू नका.

शिमगोत्सव
आमच्या गुहागरकडे शिमग्यातलं संकासुराचं सोंग बघा म्हणावं. काळे कपडे, तोंडावर काळा मुखवटा, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा, आणि मार्चच्या उन्हात घरोघर नाचायचं. माझा चुलतभाऊ करायचा. पोरांच्या मागे धावून दमला की विहिरीवर जाऊन बसायचा आणि कापड नाकापर्यंत वर करून पाणी प्यायचा. तेव्हा आम्हा पोरांना कळायचं की अरे हा तर आपला दादा. त्याआधी आम्ही माळ्यावर लपलेलो.

उंबरठा
संकासुराला मी अजून घाबरतो. वय विचारू नका.

रानजाई
मोखाडा-जव्हारकडे बोहाड्यात (देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव) कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे असतात. कार्यक्रम रात्रीचा, संबळ वाजत असतो, त्यामुळे निदान ऊन नाही. माझा प्रश्न असा की लगद्याच्या मुखवट्याला भोक पाडलं तर तडकेल का? मुलीने शाळेसाठी फुग्यावर कागद चिकटवून वाघ केलाय.

डागदार
ओला असताना नको. पूर्ण वाळू दे, मग आतून दोन-तीन थर कापडाचे चिकटवा आणि गरम खिळ्याने किंवा बारीक ड्रिलने हळूहळू मोठं करा. आणि वाघाला पंखा कशाला? जबडा उघडा ठेवा, नाकपुड्या आरपार करा. शाळेत पाच मिनिटांचं काम असतं.

न्यूजर्सीकर
इथे ऑक्टोबरअखेरीस हॅलोविनला थंडी असते, तरी काच जास्तच धुरकटते. बाहेर गार, आत श्वास गरम, मग काय होणार. आम्ही भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब काचेला आतून चोळतो आणि कोरड्या मऊ कापडाने पुसतो. फडक्याचा ओरखडा पडेल असं काही वापरू नका, पारदर्शक शीट लगेच खराब होते. शेव्हिंग फोमनेही जमतं.

बाकी इथे चकलीची भाजणी बरी कुठे मिळते, कुणी सांगेल का? विषय सोडून आहे, माफी.

गोधडी
भाजणी घरी करा हो. तांदूळ, हरभरा डाळ, मूग डाळ, उडीद डाळ, धणे-जिरे. विपू करते (तुमच्या पानावर निरोप टाकते).

तिरकीट
फुगणाऱ्या डायनासोरचा किस्सा लिहू का? सोसायटीच्या गणपतीत आमचा लहाना डायनासोर झाला. त्या पोशाखात कमरेपाशी पंखा असतो आणि तोच सगळा पोशाख फुगवून ठेवतो. स्टेजवर नाव पुकारलं, हा चालत गेला आणि सेल संपले. डायनासोर आधी वाकला, मग गुडघ्यावर आला, मग नुसती पिशवी उरली आणि पिशवीतून आवाज, "बाबाऽऽ". परीक्षकांना वाटलं नामशेष होण्याचा अभिनय केला. दुसरं बक्षीस!

साळुंकी
😂😂 ऑफिसात वाचतेय, सगळे बघायला लागले.

चाकोरी
मी हेच स्कूटरच्या हेल्मेटला करू का? पुण्याच्या एप्रिलात फार उकडतं.

डागदार
अजिबात नको! दुचाकीचं हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकाप्रमाणे तपासलेलं असतं. तुम्ही भोक पाडलंत किंवा आतलं थर्माकोल कोरलंत की ते प्रमाणपत्र कागदापुरतं. मूळच्या हवेच्या जागा असलेलं घ्या. अहमदाबादला २०२३ मध्ये वाहतूक पोलिसांना एसी हेल्मेट वापरून बघायला दिली होती, त्यांची बॅटरी कमरेला. पण ती मुळातूनच तशी बनवलेली. घरगुती कलाकारी फोमच्या हेल्मेटावर करा, डोक्याच्या सुरक्षेवर नको.

चाकोरी
बरं काका. (काकाच ना?)

डागदार
मावशी आहे. चालू द्या.

उंबरठा
😳 आम्ही सगळेच इतके दिवस दादा-काका समजत होतो. मावशी, सोल्डरिंग कुठे शिकलात?

डागदार
वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की तिथेच. साळुंकी, एक राहिलं: पंखा थेट फोमला चिकटवू नका, कानाशी इतकं घुमतं की समोरचं बोलणं ऐकू येत नाही. मध्ये मऊ स्पंजच्या चौकटी ठेवा. आणि फेव्हिबाँड लावलेलं हेल्मेट निदान एक रात्र उघड्यावर सुकवा, त्या वासात तोंड घालून बसू देऊ नका.

साळुंकी
मावशी, तुमचं वाचून लेक काल स्वतः बसला. दोन्ही पंखे लागलेत. अर्धा तास घालून अभ्यास केला म्हणे, काच स्वच्छ. अभ्यास झाला का ते मी विचारलं नाही. फक्त मागचा पंखा जरा कमी वाटतोय, तिथे मोठा बसेल का?

डागदार
जागा असेल तर ५० मिलिमीटरचा बसव म्हणावं. नाहीतर ब्लोअर प्रकारचा घ्या, गोगलगायीसारखा दिसतो, अरुंद जागेतून हवा जोरात ढकलतो. पुण्यात तपकीर गल्लीत दोन्ही मिळतील.

चाकोरी
तपकीर गल्लीत शनिवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही. मंडईच्या वाहनतळावर लावा आणि चालत जा.

न्यूजर्सीकर
गोधडीताई, विपू आली नाही अजून. भाजणीत पोहे घालतात का?