पीआर, वर्क परमिट आणि घरची कागदपत्रं : मराठवाडाकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता (अंबाजोगाई, सध्या ओंटारिओ)

गावाकडून सारखे फोन येतात, "पोरगं बाहेर जायचं म्हणतंय, पीआरचं (म्हणजे तिकडं कायम राहायच्या परवानगीचं) कसं असतं?" नियम त्या-त्या देशाच्या सरकारी साइटवर असतात, ते वाचून घ्यावेत. आपलं घोडं अडतं ते बहुतेक वेळा इकडंच. ग्रामपंचायत, बँक, कॉलेज, पोलीस ठाणं. म्हणून हा धागा. कोणत्या कागदावर अडलं आणि कसं सुटलं, ते लिहा. जावं की न जावं यावर भांडायला दुसरे धागे आहेत. एजंटांची नावं नकोत.

सुरुवात मी करतो. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत (गुणांवर पीआर द्यायची पद्धत) बाहेरून अर्ज करताना तिकडची नोकरी हातात नसेल, तर सुरुवातीला घर चालेल इतका पैसा दाखवावा लागतो. अण्णांनी सातबारा, आठ-अ, फेरफार सगळं काढून आणलं. "एवढी जमीन हाय, अजून काय पायजे त्यांला?" जमीन चालत नाही. घरही नाही. उसना किंवा कर्जाचा पैसा तर नाहीच. खात्यातला हक्काचा पैसा लागतो, आणि बँकेच्या लेटरहेडवर पत्र : खातं कधी उघडलं, आज शिल्लक किती, मागच्या सहा महिन्यांची सरासरी किती, कर्ज किती. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी असं पत्र जन्मात दिलं नव्हतं, ते सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीच्या दाखल्याचा, फॉर्म काढून बसले. शेवटी मजकूर मीच टाइप करून नेला. त्यांनी वरच्या ऑफिसला फोन लावला, क्लार्कने कॅल्क्युलेटरवर सरासरी काढली, आणि शिक्का मारता मारता साहेब म्हणाले, "याची एक प्रत मला ठेवा, पुढचं पोरगं आलं की कामाला येईल."

औसा

दादा, वडिलांचे सोयाबीनचे पैसे माझ्या खात्यात टाकले तर चालतात का? एकदम मोठी रक्कम दिसली की शंका घेतात म्हणे.

धागाकर्ता

चालतात. वडिलांकडून गिफ्ट डीड करून घ्या, पैसे परत द्यायचे नाहीत हे त्यात स्पष्ट पाहिजे. मोंढ्यातल्या आडत्याची पट्टी जोडा, म्हणजे पैसा कुठून आला ते दिसतं. पण टाकायचे तर आत्ताच टाका, सहा महिन्यांची सरासरी बघतात.

लातूर, आता जर्मनीत नर्स

जर्मन भाषा बी-2 पर्यंत लागते हे क्लासवाले सांगतात, त्यांचा धंदाच तो. खरा वेळ खातं ते आपलं शिक्षण तिकडच्या बरोबरीचं आहे का, हे ठरवणं. ते काम तिथं राज्याराज्यांचं, त्यामुळं मैत्रिणीचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही. गुण त्यांना फारसे नको असतात, तास हवे असतात : थिअरी किती, वॉर्डात किती, त्यातले बालरोगात किती, मानसोपचारात किती. माझ्या मार्कलिस्टवर नुसते गुण. कॉलेजच्या बाईंनी जुनी ड्युटी रजिस्टरं कपाटातून काढली आणि दोन दुपारी बसून वॉर्डवार तक्ता करून दिला. त्या बाई नसत्या तर मी अजून लातुरातच असते.

तरी काय कमी पडलं याचं पत्र येतंच. मग एक तर परीक्षा द्या, नाही तर दवाखान्यात राहून पुरवणी प्रशिक्षण घ्या. ते पार पडेपर्यंत नर्स म्हणून नोंद नाही, काम आणि पगार मदतनिसाचा. मुलींनो, करारात "मुदतीआधी सोडल्यास खर्च परत" असं कलम असतं, ते सही करायच्या आधी कोणाकडून तरी वाचून घ्या. कायम वास्तव्यासाठी कुशल कामगारांना आधी चार वर्षं लागायची, 2023 च्या बदलात ती तीन झाली. पेन्शनचे 36 हप्ते भरलेले पाहिजेत.

हिंगोली

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं माझ्या जन्माची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत. पासपोर्टवर जन्मगाव वडिलांचं, टीसीवर तिसरंच. नवऱ्याबरोबर अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करताना हे सगळं वर आलं. ग्रामसेवकांनी कडा कुरतडलेलं रजिस्टर काढलं. आईचं नाव आहे, "स्त्री" लिहिलंय, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. ज्यांची नोंदच नाही, त्यांना अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा लागतो. नोंद असून अपुरी असली, तर तिच्यासोबत टीसी, दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्म माहीत असलेल्या जवळच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. माझं प्रतिज्ञापत्र मामीनं केलं. वकिलानं तारीख विचारली तर म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली की." त्यानं जुनं पंचांग शोधून ताळा घातला, बरोबर जुळली.

पूर्वीचं उस्मानाबाद

पासपोर्टवर उस्मानाबाद, नव्या दाखल्यावर धाराशिव. जास्त डोकं लावलं नाही. 2023 च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडलं. कोणी काही विचारलं नाही. संभाजीनगरवाल्यांनीही हेच करा.

सिडको, छत्रपती संभाजीनगर

अमेरिकेत एच-1बीवर, म्हणजे कामाच्या व्हिसावर आहे. आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं भरलेला अर्ज, मंजूर आहे, म्हणून सहा वर्षांच्या पुढं मुदतवाढ मिळत राहते. ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशावर ठरते, आणि वर्षाच्या कार्डांपैकी एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर 60 दिवस. पोरगी 21 च्या पुढं गेली की आमच्या अर्जातून बाहेर पडू शकते, त्याचीच धास्ती जास्त आहे. बाकी काय लिहू.

परंडा, सध्या कॅनडात

शिक्षणानंतरचा वर्क परमिट आयुष्यात एकदाच मिळतो. माझा संपत आलाय. 25 मार्च 2025 पासून एक्सप्रेस एंट्रीत नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले, त्यामुळं माझा आकडा धाडकन खाली आला. एजंट म्हणतो दुसरा कोर्स घे. म्हणजे परत फी, परत कमिशन! मी फ्रेंच शिकायलोय. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो. रात्रपाळीहून आल्यावर क्रियापदं पाठ करायची म्हणजे जीव जातो, पण वय 29 च्या पुढं गेलं की त्याचेही गुण घटायला लागतात, थांबून जमणार नाही.

नांदेड, आता दोहा

तुम्ही सगळे पीआरचं बोलायलेत. आमच्यासारख्या कामगारांना इकडं तशी सोय जवळजवळ नाहीच. काम आहे तोवर परवाना, काम संपलं की घर. एक मात्र बरं झालं, 2020 पासून कतारमध्ये दुसरीकडं काम धरायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही. मी स्वतः तसंच बदललं.

धाकट्या भावाचं सांगतो. दहावी नापास, म्हणून पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी मंजुरी लागणारा. अशा पासपोर्टवर आखातात कामाला जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून ती मंजुरी घ्यावी लागते. करार त्यात नोंदला जातो आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. एजंट म्हणाला, एवढा कुटाणा कशाला, व्हिजिट व्हिसावर पाठवतो. अम्मी तयार झाली होती, मी फोनवर आडवा आलो. व्हिजिटवर काम करताना धरलं तर करार नाही, विमा नाही, पगार बुडाला तर दाद मागायला हातात कागद नाही. एजंटकडं परवाना असला तर त्याचा नंबर ई-मायग्रेटवर सापडतो. आमच्यावाल्याचा सापडला नाही.

आता भावानं 17 नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावी देतोय. पास झाला की ईसीआरचा शिक्का जाईल. वेल्डिंगमध्ये हात चांगला आहे, पण बीजगणित बघितलं की पोरगं घरातून निघून जातं. नांदेडात देगलूर नाक्याजवळ संध्याकाळी शिकवणारं कोणी असेल तर इथंच सांगा.