माळढोक आणायचाय? आधी माळावरच्या माणसाशी बोला

पक्षीप्रेमी_पुणे यांनी काल लिहिलं, 'जैसलमेरकडे सम आणि रामदेवऱ्याच्या पैदास केंद्रांत माळढोकाची पिल्लं वाढताहेत. त्यातली काही सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सोडा, स्थानिकांच्या विरोधाकडे दुर्लक्ष करा.' शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, म्हणून लिहितोय.

माळकरी: १९७९ला अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं आत. पुढे १,२२२वर आणलं, पण तोवर आमचं व्हायचं ते झालं. थोरल्या भावाच्या ऑपरेशनसाठी दोन एकर विकायचं होतं. अभयारण्यातली जमीन, म्हणून विक्रीच्या परवानगीसाठी अकरा महिने हेलपाटे घातले, शेवटी सावकार गाठला. माझ्या आज्याच्या करडईत हाच पक्षी टोळ टिपत फिरायचा, कुणी खडा मारला नाही. गावाला त्याचा राग आला तो कागदांमुळे.

पक्षीप्रेमी_पुणे: भावाचं वाईट वाटलं. पण देशात दीडशेसुद्धा माळढोक उरले नाहीत. मादी एका विणीला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. सगळ्यांचे सातबारे निस्तरेपर्यंत थांबायचं?

गवत्या: सोडणार कुठे? 'पडीक' म्हणून माळावर खड्डे काढून गिरिपुष्प, सुबाभूळ लावलं. माळढोकाला मोकळा माळ लागतो. वर विजेच्या तारा. पंधरा किलोपर्यंतचं धूड, समोरचं धड दिसत नाही, ऐनवेळी वळणार कसं?

बार्शीची_लेक: आणि काळविटांचं काय? तुरीचे शेंडे एका रात्रीत साफ. आई डबा वाजवत बांधावर बसते. पंचनाम्याला माणूस येईतो रान मोडलेलं असतं.

पक्षीप्रेमी_पुणे: काळविटांसाठी वेगळा धागा काढा.

बार्शीची_लेक: का म्हणून? माळ तोच, शेत तेच. तुम्हाला पक्षी दिसतो, आई दिसत नाही.

गवत्या: उजनीचं पाणी आलं, माळ फोडून ऊस लावला. काळवीट चरायला जाणार कुठे?

बार्शीची_लेक: आमच्याकडे कालवा नाही, ऊस नाही. दुसऱ्याचं पाप आमच्या तुरीवर फेडू नका!

माळकरी: ताई बरोबर बोलतेय. भरपाई महिन्याभरात हातात पडली, तर निम्मं भांडण मिटेल.

पक्षीप्रेमी_पुणे: ठीक. 'दुर्लक्ष करा' हे मागे घेतो. पिल्लांची मागणी मात्र सोडणार नाही.

माळकरी: सोडूही नका. पण पावसाळ्याचे चार महिने जो गवत राखेल, नांगर घालणार नाही, कुत्री आवरेल, त्याला एकरी भाडं द्या, ते वेळेवर द्या. मग पिल्लं आणा. माझ्या तीन एकरांत पवन्या गवत गुडघ्याला लागलंय. अजून विळा लावलेला नाही.