कानाचं मशीन आणि टीव्ही : तुमच्या घरी कसं जमलं?

घरात कानाचं मशीन वापरणारं कुणी असेल तर हा प्रश्न ओळखीचा असेल. समोरासमोर बोललेलं सगळं नीट कळतं, पण मालिका लागली की दर दोन मिनिटांनी "काय म्हणाली ती?" घरचे आवाज वाढवतात, तरी शब्द कळत नाहीत. कारण अडचण आवाजाची नाही, अंतराची आहे. मशीनचा माइक एक-दोन मीटरवरचं बोलणं उत्तम टिपतो. टीव्ही असतो त्याच्या दुप्पट लांब. मध्ये पंखा, भिंतींवरून घुमून येणारा आवाज, त्यात मालिकेचं पार्श्वसंगीत. आवाज वाढवला की हे सगळंच वाढतं.

मी दोन्ही कानांत मशीन वापरते. मशीनच्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर, म्हणजे टीव्हीचा आवाज बिनतारी मशीनमध्ये पाठवणारी डबी, घेतल्यापासून संवाद थेट कानात येतात आणि बातम्या पुन्हा घरातल्यांबरोबर बसून बघते. हे सुख अजून खूप घरांत पोचलेलं नाही, म्हणून हा धागा. मशीन कोणतं, टीव्हीला काय जोडलं, कुठे अडलं हे लिहा. आणि ज्यांच्या कानात मशीन आहे त्यांना काय वाटलं, तेही जरूर लिहा.

डोंबिवली, बाबांसाठी

आमच्याकडे स्ट्रीमर लावला, दिवा हिरवा झाला, मशीनमध्ये जोडणी झाल्याचा सूरही आला. तरी काही चॅनेलवर आवाज यायचा आणि काहींवर अजिबात नाही. बाबांना वाटलं मशीनच बिघडलं. दोष सेटिंगचा निघाला. टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल (प्रकाशावाटे आवाज नेणाऱ्या वायरच्या) सॉकेटमधून डॉल्बी पद्धतीने बांधलेला आवाज बाहेर जात होता आणि आमच्या स्ट्रीमरला तो उलगडता येत नव्हता. टीव्हीच्या साउंड मेनूमध्ये 'डिजिटल आउटपुट' शोधून तिथे पीसीएम, म्हणजे न बांधलेला साधा डिजिटल आवाज, निवडलं, सेट-टॉप बॉक्समध्येही तेच केलं, आणि सगळे चॅनेल सुरू झाले. जोडणीनंतर आवाज आला नाही तर आधी हे बघा, मग दुकान गाठा.

दुसरं, वायर शक्यतो ऑप्टिकलच लावा. हेडफोनच्या भोकात पिन घातली की बहुतेक टीव्हींचा स्पीकर बंद पडतो आणि बाकीच्यांना काही ऐकू येत नाही. ऑप्टिकलला तसं होत नाही. आता आई रात्री टीव्ही म्यूट करून झोपते आणि बाबा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत ऐकतात.

कोल्हापूर

आजोबांचं मशीन साधं, शिबिरात मिळालेलं. ब्लूटूथ नाही, काही नाही. आम्ही लांब वायरचा छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, तोंड त्यांच्याकडे करून. मशीन तेच, टीव्ही तोच, पण आता कीर्तनातला शब्द न् शब्द कळतो म्हणतात. महागडं काही घेण्याआधी हे करून बघाच.

लेस्टर, इंग्लंड

मावशींना इथे सरकारी आरोग्यसेवेकडून मशीन मोफत मिळालं. त्यात टेलिकॉइल होती, म्हणजे चुंबकीय लहर पकडून तिचा आवाज करणारी तारेची बारीक गुंडाळी. कल्पना जुनी आहे, ती लहर सोडणाऱ्या तारेच्या वेढ्याचं, म्हणजे लूपचं, पेटंट इथे १९३७ सालचं. बँकेच्या काउंटरवर, चर्चमध्ये कान आणि 'टी' अक्षराचं चिन्ह दिसतं ते याचंच. घरी आम्ही टीव्हीला लूपचा ॲम्प्लिफायर जोडून त्याची तार खोलीच्या कडेने फिरवली. मावशी 'टी' प्रोग्रॅम लावतात आणि कुठेही बसतात. विजेच्या वायरींजवळ मात्र घूंऽऽ असा आवाज येतो, खुर्ची थोडी सरकवावी लागते. नवीन चार्जिंगच्या छोट्या मॉडेलमध्ये टेलिकॉइल बरेचदा नसते. घेण्याआधी विचारा. असली तरी तिचा प्रोग्रॅम ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) चालू करून घ्यावा लागतो.

पुणे, ऑडिओलॉजिस्ट

"मशीनला ब्लूटूथ आहे, टीव्हीलाही आहे, मग जोडत का नाही?" हे मला रोज विचारलं जातं. कारण दोन्हीकडचं ब्लूटूथ एकाच जातीचं असेलच असं नाही. बऱ्याच मशीनचं ब्लूटूथ फोनसाठी असतं : आयफोनची वेगळी पद्धत, अँड्रॉइडची २०१९ पासून वेगळी. टीव्हीला यांतलं काही येत असेलच असं नाही. बाजारातला साधा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला तर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. ज्यांचं निम्मं समजणं ओठांवर अवलंबून आहे त्यांना हे फार त्रासाचं. म्हणून मशीनच्या कंपनीचाच स्ट्रीमर सुचवते. त्यातला उशीर सहसा जाणवत नाही. पण तो दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेलं ऑराकास्ट, म्हणजे ब्लूटूथची नवी प्रक्षेपणाची पद्धत, ही अडचण सोडवू शकतं, कारण त्यात एका टीव्हीचा आवाज कितीही जणांना घेता येतो. मात्र टीव्ही आणि मशीन, दोन्हींत ते असायला हवं.

ठाणे, सासूबाईंसाठी

सासूबाईंनी स्ट्रीमर दोन दिवसांत काढून ठेवला. म्हणाल्या, "टीव्ही ऐकू येतो गं, पण तुम्ही सगळे नाहीसे होता." स्ट्रीमिंग सुरू झालं की त्यांच्या मशीनचे माइक जवळजवळ बंद व्हायचे. ऑडिओलॉजिस्टना सांगून स्ट्रीमिंगच्या वेळी माइकचा आवाज वाढवून घेतला. आता दाराची बेल, कुकरची शिट्टी आणि मालिकेतल्या सुनेवरची आमची चर्चा त्यांना ऐकू येते. त्याही तिच्यावर हिरिरीने बोलतात. मालिका बघायची ती त्या बोलण्यासाठीच ना! वयस्कर माणूस "नको ते" म्हणालं तर का, हे नक्की विचारा.

नाशिक

वडिलांच्या मशीनला तपकिरी स्टिकरचे ३१२ नंबरचे सेल लागतात. टीव्ही जोडल्यापासून ते लवकर संपतात. जास्तीचं पाकीट घरात ठेवा. एक प्रश्न : वडील सहा महिने आमच्याकडे, सहा महिने भावाकडे असतात. स्ट्रीमर दोन घ्यावे लागतील का?

धागाकर्ती

नाशिककर, एकच पुरेल. मशीनशी एकदा झालेली जोडणी टिकते, टीव्ही बदलला तरी. ऑप्टिकल वायर आणि स्ट्रीमरचा चार्जर मात्र दोन्ही घरी लावून ठेवा, म्हणजे वडिलांना पिशवीत फक्त स्ट्रीमरची डबी न्यावी लागेल. भावाच्या टीव्हीवर पीसीएम करायला विसरू नका.