मदत हवी आहे: म्युझिदोरावर तासाभराचा कार्यक्रम कसा बसवावा?

मंडळी, आमच्या फिल्म क्लबात मूकपटांवर एक संध्याकाळ ठरली आहे आणि फ्रेंच मूकपटांतली अभिनेत्री म्युझिदोरा माझ्या वाट्याला आली आहे. (वाट्याला कसली, मीच हात वर केला.) एकूण तासभर. त्यातच पडद्यावर काही दाखवायचं, त्यातच बोलायचं. प्रेक्षक निम्मे कॉलेजातले, निम्मे निवृत्त.

अडचण अशी की ही बाई एकाच भूमिकेत अडकून पडली आहे. दिग्दर्शक लुई फयादच्या 'ले व्हाँपिर' (1915-16) या दहाभागी चित्रमालिकेतली इर्मा वेप: अंगासरशी काळा पोशाख, काजळानं भरलेले डोळे, पॅरिसच्या छपरांवरून पसार होणारी दरोडेखोर. जिकडे पाहावं तिकडे तोच फोटो. लगेचच्या 'ज्युदेक्स'मध्येही ती खलनायिकाच. पण 1889 साली जन्मलेली ही जान रोक (म्युझिदोरा हे नाव तिनं फ्रेंच लेखक गोतिएच्या कादंबरीतून उचललेलं) पुढे स्वतः दिग्दर्शक झाली, स्पेनमध्ये जाऊन चित्रपट काढले, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तेच सांगायचंय, पण काळ्या पोशाखाशिवाय लोक येतील का, ही धास्ती आहे.

तर, अख्खी मालिका साडेसहा तासांच्या पुढे जाते. त्यातला कोणता भाग दाखवावा? स्पेनच्या चित्रपटांतलं काय घ्यावं? आणि हक्कांचं काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
तिसरा भाग लावा, डोळे मिटून. साधारण चाळीस मिनिटांचा आहे आणि इर्मा वेप पहिल्यांदा त्यातच येते. कॅबरेबाहेर तिच्या नावाचं पोस्टर आहे. मालिकेचा नायक असलेला पत्रकार ते बघत असताना अक्षरं आपोआप जागा बदलतात आणि 'व्हॅम्पायर' तयार होतं. 1915 सालची करामत, पण पोरं अजूनही हसून दाद देतात. तो लावायचा तर तुमचं बोलणं वीस मिनिटांत बसवा.

स्पेनचं म्हणाल तर 'सोलेय ए आँब्र' (1922) घ्या. त्यात तिची दुहेरी भूमिका आहे, एक गावातली मुलगी आणि एक परकी बाई. दोन मिनिटांचा तुकडा पुरे, इर्मा वेप कुणाला आठवणारही नाही. कोलेत ही लेखिका तिची मैत्रीण होती, तिच्या कथेवरही म्युझिदोरानं चित्रपट केला, हे ओघात सांगा. आणि उतारवयात ती पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेजमध्ये तिथल्या संस्थापकांपैकी एक आँरी लांग्लुआच्या हाताखाली काम करत होती. जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेत स्वतः ती! हे सोडू नका.

प्रतिसाद २
हक्कांबद्दल: आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे मूळ मालिका मोकळी आहे. पण डीव्हीडीवर नव्यानं बसवलेलं संगीत मोकळं नसतं. आवाज बंद करा आणि क्लबातल्याच कुणाला तरी पेटीवर बसवा.

एक विनंती. 1913 च्या 'मोहिनी भस्मासुर'मधल्या, भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्री दुर्गाबाई कामत आणि कमलाबाईंचा विषय कुणीतरी काढणारच. काळ जवळचा आहे, पण दोघींचा म्युझिदोराशी संबंध नाही. एका वाक्यात उत्तर द्या आणि पुढे चला.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! पेटीवाला आहे, पण तो भैरवीच वाजवतो. दरोड्याला चालेल का?

प्रतिसाद १
चालेल की. फक्त दृश्यांच्या मधल्या मजकुराच्या पाट्या तुम्ही मराठीत मोठ्यानं वाचा, मागच्या रांगेतल्या ज्येष्ठांना त्या दिसायच्या नाहीत.